जबड्यासाठी हाड दिलेल्या पायात आलेली गाठ : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण सातारा जिल्ह्यातील, पंचावन्नच्या आसपास वय असलेल्या, शेतात राबणाऱ्या बाई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणत, येथेही तेच म्हटले आहे. लग्नाच्या आधीपासून मिश्री लावण्याची सवय होती आणि ती दिवसातून तीन-चार वेळा लावली जाई. उजव्या बाजूची खालची एक दाढ हलू लागली म्हणून त्यांनी तालुक्याच्या गावी ती काढून घेतली. दाढेची खाच दोन महिने भरली नाही, उलट तेथे मांस वाढू लागले, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. मिश्री लावणाऱ्या माणसाच्या दाढेची खाच तीन आठवड्यांत भरली नाही, तर तेथील तुकडा तपासायला पाठवावा, हे दंतवैद्यकात शिकवले जाते आणि गर्दीच्या दवाखान्यात विसरले जाते.

बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या किंवा त्वचेच्या वरच्या थरातून उगवणारा कर्करोग, निघाला. सीटी स्कॅनमध्ये हिरडीवरील गाठ ३.८ सेंटिमीटरची दिसली आणि ती जबड्याच्या हाडाच्या मज्जेपर्यंत शिरली होती, म्हणजे गाठ टी४ए या वर्गातली, शेजारच्या हाडात शिरलेली, होती. मानेच्या उजव्या बाजूला संशयास्पद लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) होत्या. छातीत काहीही नव्हते.

पहिली शस्त्रक्रिया

गाठ जबड्याच्या मधल्या रेषेपर्यंत आली होती, त्यामुळे हनुवटीचा भाग काढणे अटळ होते. जबड्याच्या केवळ बाजूचे हाड गेले तर छातीच्या स्नायूचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासह उचललेला मांसाचा तुकडा, लावून भागवता येते. १९७९ पासून प्रचलित असलेला हा फ्लॅप आपल्याकडे आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, कारण तो लवकर होतो आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. हनुवटीचे हाड मात्र परत उभे केले नाही तर खालचा ओठ कोसळतो, लाळ सतत गळते आणि जीभ मागे पडते. म्हणून पायातील फिब्युला, म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, त्यावरील त्वचा आणि रक्तवाहिनी यांसह काढून जबड्याच्या जागी बसवण्याचे ठरले. पायाच्या तिन्ही मुख्य रोहिण्या (धमन्या) नीट आहेत, याची खात्री आधी सीटी अँजिओग्राफीने करून घेतली.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. एक चमू डोक्याकडे गाठ काढत होता, दुसरा डाव्या पायातून हाड सोडवत होता. फिब्युलाचा फ्लॅप त्याच्या रक्तवाहिनीला जोडलेल्या अवस्थेत पायातच ठेवला जातो आणि मानेतील वाहिन्या जोडण्यासाठी तयार झाल्या की शेवटी कापून वर नेला जातो. याचा अर्थ असा, की तोंडात कर्करोगाची गाठ कापली जात असते त्याच वेळी, त्याच खोलीत, पायाची मोठी जखम उघडी असते. या प्रकरणात ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पॅथॉलॉजीचा अहवाल समाधानकारक होता. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, सर्वांत जवळची गाठीपासून ६ मिलिमीटर. मानेतील ३८ लसिकाग्रंथींपैकी दोनमध्ये आजार होता, पण तो ग्रंथीच्या आवरणाबाहेर पडलेला नव्हता. मज्जातंतूंच्या कडेने आजार गेलेला होता. चाळिसाव्या दिवशी रेडिएशन सुरू झाले, ३० भागांत ६० ग्रे. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध जोडायचे का, यावर ट्युमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, थोडी चर्चा झाली. कडा बाधित असतील किंवा ग्रंथीचे आवरण फुटले असेल तर ते जोडण्याचा फायदा होतो, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांतून स्थिर झाले आहे. येथे दोन्ही नव्हते, म्हणून ते दिले नाही. हा निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. त्याचा एक अर्थ मात्र तेव्हा कोणाच्या मनात आला नव्हता : तोंडात आणि मानेत चुकून राहिलेल्या पेशींसाठी रेडिएशन होते, पायासाठी काहीच नव्हते.

गाठ

शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात मावशींना पाय घासताना डाव्या घोट्याच्या वर चार बोटांवर, व्रणाच्या खालच्या टोकाशी, वज्री अडकू लागली. हात लावला तर हरभऱ्याएवढे काही टणक लागले. दुखत नव्हते. गावातील डॉक्टरांनी टाक्याची गाठ समजून पाच दिवसांच्या गोळ्या आणि मलम दिले.

आठव्या महिन्यात त्या आमच्या तपासणीला आल्या, पण पायाचा विषय निघाला नाही. त्यांनी काढला नाही आणि आम्ही विचारला नाही. आमच्या तपासणीच्या छापील कागदावर तोंड, फ्लॅप, मान, छाती, वजन आणि तोंड किती उघडते यांसाठी रकाने होते. पायाला रकाना नव्हता. पहिल्या महिन्याच्या कागदावर कडेला हाताने 'पायाची जखम भरली' असे लिहिलेले सापडते; त्यानंतर पायाचा उल्लेखच नाही. त्या नऊवारी नेसतात, त्यामुळे पाय सहज दिसेल अशी परिस्थितीही नव्हती.

नवव्या महिन्यात त्यांनी स्वतःच सांगितले. निवासी डॉक्टरांनी पाहून 'व्रणातील ग्रॅन्युलोमा?' असे लिहिले आणि महिन्याभराने या म्हणून सांगितले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेच्या व्रणात सात महिन्यांनी आलेली टणक गाठ शंभरातील नव्याण्णव वेळा टाक्याच्या धाग्याभोवतीचीच असते, आणि पायातून हाड काढलेल्या जागी तोंडाचा कर्करोग उगवू शकतो, हे बहुतेक निवासी डॉक्टरांनी ऐकलेलेही नसते. प्रश्नचिन्ह त्यांनी घातले होते. त्या प्रश्नचिन्हाचे पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

दहाव्या महिन्यात गाठ २.६ सेंटिमीटरची झाली होती आणि वरची त्वचा फुटून चिघळली होती. त्या दिवशी मावशींनी विचारले, "डॉक्टर, तोंडातलंच पायात उतरलं का काय?" निदान पहिल्यांदा त्यांनीच केले, असे म्हणावे लागेल.

पहिला निर्णय : तुकडा घ्यायचा की गाठच काढायची

लहान ऑपरेशन थिएटरमध्ये भूल टोचून गाठ खरवडून काढावी आणि तपासायला पाठवावी, म्हणजे एकाच खेपेत काम होईल, असे एका सहकाऱ्याचे मत होते. रुग्ण दूरच्या गावाहून येते आणि प्रत्येक खेपेला मुलाची एक दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे या मताला वजन होते. तरीही आम्ही फक्त कडेचा छोटा तुकडा घेतला. गाठ कर्करोगाची निघाली आणि ती निदानाआधीच अर्धवट उकरून काढलेली असेल, तर मोकळ्या झालेल्या ऊतींत आजार पसरतो आणि नंतर नेमके किती मांस काढायचे, ते कळत नाही. या प्रकरणात जे निर्णय बरोबर ठरले, त्यांत हा पहिला.

तुकड्यात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला, तोही तोंडातील गाठीसारखाच दिसणारा. जुन्या व्रणातून नव्याने उद्भवणारा त्वचेचा कर्करोग आपल्याला ठाऊक आहे, विशेषतः भाजल्याच्या व्रणात; पण त्याला बहुधा वर्षानुवर्षे लागतात. येथे अवघे सात महिने झाले होते. शिवाय वरच्या त्वचेच्या थरात कर्करोगपूर्व बदल नव्हते आणि आजार त्वचेखाली अधिक होता. म्हणजे तो तोंडाच्या आजाराचाच भाग होता. दोन्ही तुकड्यांची जनुकीय तुलना केली असती तर शंका उरली नसती. खर्च पाहून ती केली नाही.

तो पायात कसा गेला

या प्रश्नाचे उत्तर केवळ कुतूहलासाठी नको होते. रक्तातून आला असेल तर आजार शरीरभर आहे असे धरावे लागते आणि उपचार लक्षणे आटोक्यात ठेवण्यापुरते राहतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी थेट जखमेत पडून रुजल्या असतील तर ती जागा मोठी कापून काढल्यावर बरे होण्याची वाजवी आशा राहते.

अशी रुजवण दुर्मीळ आहे, पण नवी नाही. डोके-मानेच्या कर्करोगात तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अन्न देण्यासाठी पोटावर नळी बसवण्याची जागा. दुर्बिणीच्या ज्या पद्धतीत नळी तोंडातून ओढत नेऊन पोटाच्या भिंतीतून बाहेर काढतात, तीत नळी गाठीला घासून जाते. नंतर पोटावरील छिद्रापाशी तोंडाचाच कर्करोग उगवल्याच्या अनेक नोंदी आहेत. छातीच्या फ्लॅपची जागा, हाताच्या फ्लॅपची जागा, मांडीवरून त्वचा घेतलेली जागा येथेही एकेकट्या रुग्णांत असे घडल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत आलेले आहे. दुसरा पक्ष असा, की रक्तात फिरणाऱ्या पेशी ताज्या जखमेत अडकतात, कारण तेथे रक्तपुरवठा आणि वाढीची द्रव्ये भरपूर असतात. एका रुग्णापुरते या दोहोंतून एकच निवडणे बहुधा अशक्य असते.

आम्ही जुना शस्त्रक्रिया अहवाल काढून वाचला. त्यात एक ओळ होती : 'काढलेल्या जबड्याच्या मापाने फिब्युलाला दोन ठिकाणी काप दिले.' ज्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे दृश्य उभे राहील. सरळ हाडाला जबड्याचा बाक द्यायचा असतो. त्यासाठी नुकताच काढलेला जबड्याचा तुकडा, हिरडीवरील गाठीसकट, पायाजवळच्या ट्रॉलीवर नेतात, फिब्युलाशेजारी धरतात, माप घेतात, कोन ठरवतात. तुकडा ओल्या कपड्यात गुंडाळलेला असतो किंवा नसतो. ज्या हातमोज्यांनी तो धरला, तेच हातमोजे पुढच्या मिनिटाला पायाच्या जखमेत असतात. परिचारिकेच्या नोंदवहीत त्या दिवशी दोन चमूंसाठी हत्यारांचे दोन संच दिल्याचे होते, पण रक्तस्राव थांबवणारे बायपोलर यंत्र एकच होते आणि सहाव्या तासानंतर ते दोन्हीकडे फिरले. पाय शिवायला डोक्याकडचे एक सहकारी मदतीला आले होते. त्यांनी हातमोजे बदलले की नाही, याची नोंद नाही, आणि आठवत असल्याचा दावा कोणी केला नाही.

गाठ व्रणाच्या खालच्या टोकाला होती. फिब्युला खाली जेथे कापला, त्याच उंचीवर. हा पुरावा नव्हे, पण ती ओळ वाचल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

पर्यायांचा विचार

पेट-सीटीत, म्हणजे कर्करोगासारख्या क्रियाशील जागा उजळून दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, तीन गोष्टी दिसल्या. पायातील गाठ उजळली होती. डाव्या जांघेत ९ मिलिमीटरची एक लसिकाग्रंथी किंचित उजळली होती. सुईने तपासल्यावर ती साधी निघाली. टाचांना मोठ्या भेगा होत्या, त्यामुळे तिचे कारणही समजत होते. आणि डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ४ मिलिमीटरचा एक ठिपका होता, जो पेटवर उजळला नव्हता. एवढ्या लहान ठिपक्याबद्दल पेट काहीच सांगू शकत नाही, आणि आपल्याकडे जुन्या क्षयाच्या खुणा इतक्या सर्रास असतात, की रेडिओलॉजिस्टने 'लक्ष ठेवावे' असे लिहिणे रास्तच होते.

ट्युमर बोर्डापुढे मग तीन मार्ग होते. पहिला, हा दूरवर पसरलेला आजार मानून औषधोपचार : तोंडाने घ्यायची मेट्रोनॉमिक, म्हणजे कमी मात्रेत सतत चालणारी, केमोथेरपी, आणि परवडल्यास कमी मात्रेतील निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध. दुसरा, पायातील गाठ मोठ्या कडेसह काढणे. तिसरा, काढून वर पायाला रेडिएशन देणे. पाय कापण्याचा विषय कोणीतरी काढला आणि तो लगेच मागे पडला.

मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टांचा (कर्करोगावर औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरांचा) कल पहिल्या मार्गाकडे होता आणि त्यांचे म्हणणे सरळ होते : डोक्या-मानेबाहेर सापडलेला आजार म्हणजे दूरवर पसरलेला आजार, त्याला वेगळे नाव दिल्याने त्याची जीवशास्त्रीय वागणूक बदलत नाही. शस्त्रक्रियेच्या बाजूने आम्ही म्हटले, की मूळ जागा आणि मान स्वच्छ आहेत, फुप्फुसाचा ठिपका सिद्ध झालेला नाही, आणि जागा नेमकी शस्त्रक्रियेच्या मार्गातली आहे. शिवाय व्यवहाराची एक गोष्ट होती. चिघळलेली, दुर्गंधी येणारी जखम घेऊन मावशींना शेतातच काय, घरातही वावरणे कठीण झाले असते. औषधाने ती बंद होईलच, याची खात्री नव्हती. म्हणजे आजार शरीरभर असला तरीही ती गाठ काढण्यात अर्थ होता. या शेवटच्या मुद्द्यावर एकमत झाले. बोर्डात सिद्धान्तावर एकमत झाले नाही तरी कृतीवर होऊ शकते, हे तेथे नेहमी बसणाऱ्यांना माहीत आहे.

काय सांगायचे आणि कोणाला

मुलाने आधी भेटून विनंती केली, "आईला पसरलंय असं सांगू नका, ती जेवायचं सोडेल." अशी विनंती आपल्याकडे रोजची आहे आणि ती प्रेमातून येते. पण मावशींनी निदान आधीच ओळखले होते. आम्ही मुलाला सांगितले, की आपण होऊन बोलणार नाही, पण त्यांनी विचारले तर खोटेही बोलणार नाही. त्यांनी विचारले. शिवाय असेही विचारले, "मग हे तुमच्या हातनं गेलं का आपसूक?"

मी म्हटले, की दोन्ही शक्यता आहेत, आणि शस्त्रक्रियेत आमच्याकडून तेथे पेशी पडल्या असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही. मुलगा खाली मान घालून बसला होता. मावशी थोडा वेळ पायाकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "काढा मग. या टायमाला नीट काढा." असे उत्तर देताना मनात कायद्याची भीती असते, हे लपवण्यात अर्थ नाही. ट्युमर बोर्डाची नोंद, शस्त्रक्रिया अहवालातील ती ओळ आणि हा संवाद हे तिन्ही केस पेपरवर त्याच दिवशी लिहिले.

दुसरी शस्त्रक्रिया

या पायातून पूर्वीच एक रोहिणी काढलेली होती, त्यामुळे उरलेल्या दोन्हींचा प्रवाह डॉप्लरने पाहून घेतला. सर्व बाजूंनी २ सेंटिमीटर त्वचा, खालचे स्नायुवेष्टन आणि स्नायूचा पातळ थर असे एकसंध काढले. पाऊल वर उचलणारा मज्जातंतू वरच्या बाजूला असल्याने सुरक्षित होता. पावलाच्या वरच्या भागाला संवेदना देणारा तंतू मात्र कापावा लागला. जवळचा फ्लॅप फिरवून घेण्याची सोय नव्हती, कारण त्याला रक्त पुरवणारी रोहिणी जबड्यात गेलेली होती. म्हणून उजव्या मांडीवरून त्वचा घेऊन रोपण केले. ही त्वचा गाठीला हात लावण्याआधी, वेगळ्या संचाने, वेगळ्या हातमोज्यांनी घेतली आणि जखम झाकूनच पायाकडे वळलो.

कडा स्वच्छ आल्या, बाजूची सर्वांत जवळची ११ मिलिमीटर आणि खोलीची ५. रेडिएशनचा तिसरा मार्ग येथे सोडला. रोपण केलेली त्वचा, एक रोहिणी कमी असलेला पाय आणि चालण्याशिवाय पर्याय नसलेली रुग्ण, हे पाहता न भरणारी जखम ओढवून घेण्याचा धोका मोठा वाटला.

परिणाम

त्वचा रुजली. पाचव्या आठवड्यात मावशी काठीविना चालू लागल्या. तीन महिन्यांनी केलेल्या छातीच्या सीटीत तो ठिपका ४ मिलिमीटरचाच होता. पुढचा सीटी सहाव्या महिन्यात व्हायचा होता. तो सुगीत राहून गेला आणि आमच्याकडूनही फोन गेला नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर अकराव्या महिन्यात ठिपका १४ मिलिमीटरचा झालेला आढळला आणि उजव्या फुप्फुसात दोन नवे दिसले. सुईने तपासल्यावर तोच आजार निघाला. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टांनी "मी म्हटलं होतं" असे म्हटले नाही. म्हणायला जागा होती, पण पूर्ण नव्हे : फुप्फुसात आजार रक्तातून गेला हे उघड आहे, तरी तो मूळ तोंडातील गाठीतून गेला की पायात रुजलेल्या गाठीतून, हे आता कोणालाच ठरवता येणार नाही.

त्यानंतर मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडी औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब सुरू केले. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी अशी ही मात्रा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तपासली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एक वर्ष जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण नुसत्या तोंडी औषधांनी १६.३ टक्के, तर निवोलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के होते. पूर्ण मात्रेचा खर्च या कुटुंबाने स्वप्नातही केला नसता. हे लिहिताना उपचारांना सात महिने झाले आहेत, फुप्फुसातील गाठी वाढलेल्या नाहीत, तोंड आणि पाय दोन्ही स्वच्छ आहेत.

वेगळे काय करता आले असते

गाठ हरभऱ्याएवढी असताना तुकडा घेतला असता तर तीन महिने वाचले असते. त्याने फुप्फुसाचा आजार टळला असता का, हे सांगता येत नाही. जखम चिघळणे आणि पायातील तंतू जाणे बहुधा टळले असते. सहाव्या महिन्याचा सीटी चुकल्याने उपचार कदाचित उशिरा सुरू झाले. त्याची मला तुलनेने कमी खंत आहे, कारण लक्षणे नसलेल्या फुप्फुसाच्या आजारात काही महिन्यांनी किती फरक पडला असता, हे संशयास्पद आहे.

मुख्य प्रश्न पहिल्या शस्त्रक्रियेचा आहे. जबड्याचा तुकडा पायापाशी नेण्याची गरज नव्हती. कोन आणि लांबी आधीच सीटीवरून काढून प्लास्टिकच्या साच्यावर घेता येतात; साचा नसेल तर हातमोज्यांच्या पाकिटाचा निर्जंतुक कागद तुकड्याशी लावून, कापून, तेवढाच पायाकडे पाठवता येतो. तो कागदही तुकड्याला लागलेला असतो, म्हणून दुसऱ्या कागदावर त्याची आकृती गिरवून घ्यायची, हे आमच्या थिएटरमधल्या परिचारिकांनी सुचवले. आता दोन्ही चमूंची ट्रॉली, सक्शन आणि बायपोलर वेगळे असतात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा माणूस गाऊन आणि हातमोजे बदलतो, आणि तसे केल्याची वेळ परिचारिका नोंदवते. पहिल्या काही महिन्यांत यावरून कुरकुर झाली. वीस मिनिटे वाढतात, हे खरे आहे.

तपासणीच्या कागदावर 'जिथून फ्लॅप घेतला ती जागा' असा रकाना आला आहे. मावशींच्या बाबतीत तो भरायला कोणाला आठवण करावी लागत नाही. खुर्चीवर बसल्या की त्या तोंड उघडण्याआधी काष्टा वर सरकवून डावा पाय पुढे करतात, मग उजव्या मांडीकडे बोट दाखवून म्हणतात, "आणि हितलंबी बघा."